नेटाचा एप्रन

“ऊठ गं, मॅव्हिस. लोक बघताहेत.”

“बघू देत. बघायलाच आलेत ना सगळे?”

मॅव्हिस ऑल्ड्रिज ओल्या खडीवर दोन्ही गुडघे टेकून बसली होती. गुडघ्यांवर भार द्यायचा नाही असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, आणि तिने ते मान डोलावून ऐकूनही घेतलं होतं. पण स्नोड्रॉपचं फूल उभ्या माणसासाठी नसतंच. वीतभर उंचीचं, पांढरंशुभ्र, मान खाली घातलेलं. जी काय हिरवी नक्षी असेल ती सगळी आतल्या बाजूला. ती बघायची तर जमिनीशी जावं लागतं आणि लहान मुलाची हनुवटी उचलावी तसं ते बोटाने उचलावं लागतं. मॅव्हिसने एक फूल उचललं, आत पाहिलं आणि सोडून दिलं.

“हे नाही,” ती म्हणाली आणि गुडघ्यांवरच पुढच्या वाफ्याकडे सरकली.

बेरिल तिच्यामागे सुपाचा वाडगा धरून उभी होती. सँडरबीच्या बागप्रेमी मंडळाची ती चिटणीस. सहल तिची, बस तिची, आणि मंडळाच्या अब्रूची काळजीही तिचीच. सकाळी बसमध्ये चढताना तिने प्रत्येकीची पिशवी उघडून पाहिली होती. खुरपं आणायचं नाही, छत्रीही आणायची नाही. कुठल्याशा बागेत कोणीतरी मिटलेल्या छत्रीत स्नोड्रॉपचे जमिनीतले कांदे टाकून पसार झालं होतं, तेव्हापासून स्नोड्रॉपवाल्यांच्या बागांना हा नियमच पडला होता. आता आभाळ भरून आलं होतं आणि चाळीस बायकांमध्ये एक छत्री नव्हती.

“तू मला शब्द दिलायस,” बेरिल कुजबुजली. “नुसतं बघणार म्हणालीस.”

“बघतेच आहे.”

“तुझं बघणं मला ठाऊक आहे. मागच्या खेपेला पाद्र्याच्या बायकोला रडवलंस.”

“तिने याला डॅफोडिलचं पिल्लू म्हटलं होतं.”

“म्हणून रडवायचं?”

“आण तो वाडगा इकडे.”

सूप लीकच्या पातीचं आणि बटाट्याचं होतं आणि गरम होतं. या उंचीवर, पेनाइन डोंगरातल्या हार्थवेटमध्ये, मार्च लागला तरी भिंतींच्या सावलीत बर्फाचे पट्टे पडून होते. सकाळी मंडळी बसमधून उतरली तेव्हा बागेतलं एकूणएक फूल जमिनीवर सपाट झोपलेलं होतं. नव्या बायका “गेले बिचारे!” म्हणून हळहळल्या. जुन्या हसल्या. कडाक्याच्या थंडीत स्नोड्रॉप लोळण घेतो आणि उन्हाची तिरीप लागली की आपला आपण उभा राहतो. चहा पिऊन होईपर्यंत बाग उभी राहिली होती.

मॅव्हिस त्यातलं एकच फूल शोधत होती. ते इथे नसेल, तर जगात कुठेच नव्हतं.

*

सँडरबी समुद्रकाठचं गाव. तिथे हिवाळा म्हणजे थंडी कमी आणि ओल फार. तिथल्या इस्पितळाच्या धुलाईघरात मॅव्हिसने उभा जन्म काढला. चादरी, गाऊन, डॉक्टरांचे कोट. उकळायचे, पिळायचे, इस्त्री करायचे. शेजारच्या मशीनवर नेटा असायची. नेटा डोंगराकडची. “आमच्याकडे चादर वाळत घातली की तासाभरात फळी होते. दाराला लावावी इतकी ताठ,” असं ती सांगायची आणि सँडरबीच्या हिवाळ्याला ती हिवाळा मानायचीच नाही.

धुलाईघराच्या मागच्या भिंतीतून वाफेचा जाड पाइप बाहेर यायचा. त्याच्याखालची जमीन बाराही महिने कोमट. बर्फ पडला तरी तेवढा तुकडा काळाच राहायचा. एका नाताळच्या आठवड्यात नेटा सिगारेट ओढायला मागे गेली आणि तिथूनच ओरडली, “मॅव्हिस, इकडे ये! भिंतीशी कोण जागं झालंय बघ!”

स्नोड्रॉप होता. इतर ठिकाणी तो अजून जमिनीखाली होता, इथे उबेला फसून वर आला होता. नेटाने फूल उलटं केलं. साध्या स्नोड्रॉपच्या आतल्या पाकळीवर टोकाशी एक बारीक हिरवी खूण असते. याच्या पाकळीवर दोन हिरव्या रेषा एकमेकींना छेदून गेल्या होत्या, मध्ये गाठ होती आणि गाठीखाली दोन शेपट्या. डावी लांब, उजवी आखूड. तिन्ही पाकळ्यांवर तशीच.

“हे तर माझं ढुंगण!” असं म्हणून नेटा पाठमोरी झाली होती. तिच्या एप्रनच्या नाड्या पाठीवर अशाच बांधलेल्या असायच्या, आणि डावी नाडी कायम लोंबत असायची. सुपरवायझरने कितीदा टोकलं तरी.

नेटा फुप्फुसांच्या आजाराने गेली. पुढे धुलाईघरही बंद पडलं. ते पाडायच्या आधी मॅव्हिसने पाइपखालचे सगळे कांदे खणून घरी नेले आणि त्यांच्याशी एक पाटी रोवली: नेटाचा एप्रन. चादरींवर इस्पितळाचं नाव घालायच्या पेनाने तिने ती लिहिली होती. ती शाई उकळत्या पाण्यातही जात नाही.

स्नोड्रॉपवाल्यांमध्ये एक रीत आहे. फेब्रुवारीत कोणाच्या तरी घरी सूप-चीजचं जेवण होतं आणि ज्याला नवं फूल सापडलंय तो त्याचे कांदे कुंड्यांतून इतरांना वाटतो. एकाच बागेत ठेवलेलं फूल एका वाईट हिवाळ्यात नाहीसं होऊ शकतं. दहा बागांत असलं तर कुठे ना कुठे तगतं. मॅव्हिस आपल्या कुंड्या घेऊन गेली तेव्हा डेस्मंड पिकरिंगही त्या जेवणाला आला होता. बँकेतून निवृत्त झालेला, हार्थवेटला शेकडो जातींचा बगीचा असलेला, टोपी न काढता जेवणारा माणूस. त्याने फूल बोटावर घेतलं आणि म्हणाला, “फूल देखणं आहे हो. नाव तेवढं बदला. एप्रन कसला? हे काय भांडी घासायला आलंय?”

टेबल हसलं. मॅव्हिस हसली नाही. तिने कुंड्या वाटायला सुरुवात केली आणि डेस्मंडच्या खुर्चीपाशी येताच त्याला ओलांडून पुढच्याला दिली. मग टेबलही गप्प झालं.

“एखादा कांदा वर थंडीत असू दे गं,” बेरिल परतताना म्हणाली होती. “आपण सगळ्याजणी एकाच गावातल्या.”

“त्याच्या हातात देण्यापेक्षा गटारात टाकीन.”

पुढच्या वर्षी मॅव्हिसने आपली बाग लोकांना बघायला खुली ठेवली. ती बंद झाल्यावर तिच्या लक्षात आलं की नेटाच्या एप्रनच्या गड्ड्यात मधोमध एक भोक आहे. गोल, नीटस. सफरचंदाचा गाभा काढायच्या नळीने पाडावं तसं. त्या दिवशी डेस्मंड येऊन गेला होता. पण शंभर माणसं येऊन गेली होती. तिने एवढीच शपथ घेतली की त्या माणसाच्या बागेत पाऊल टाकायचं नाही.

मग लागोपाठ दोन हिवाळे असे आले की दंव गोठण्याइतकी थंडी पडलीच नाही, पाऊस तेवढा पडत राहिला. बुरशी आली. पानांची टोकं इस्त्रीने चटका बसल्यासारखी लाल-तपकिरी झाली, कळ्या जमिनीतून वर येण्याआधीच कुजल्या. मॅव्हिसने एकेकीला फोन केला. “माझाही गेला गं.” “माझाही.” शेवटी तिला जे कळून चुकलं ते तिने कोणाला बोलून दाखवलं नाही. तिने जपणुकीसाठी दहा बागा निवडल्या होत्या, पण त्या दहाही बागांवर एकच पाऊस पडत होता. कदाचित बुरशीही तिने वाटलेल्या कुंड्यांतूनच घरोघर गेली असेल.

म्हणून शपथ मोडून ती आज इथे गुडघ्यांवर होती.

*

बागेच्या टोकाला दगडी भिंतीच्या सावलीत माणसांचा घोळका दिसला. मधे डेस्मंड होता. खूप वाळला होता, टोपी तीच होती. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला बशीएवढा आरसा. न वाकता फुलाच्या आत बघायची त्याची ही युक्ती. तो आरसा फुलाखाली सरकवत होता आणि लोक माना तिरक्या करून त्यात बघत होते.

“हार्थवेट क्रॉस,” तो सांगत होता. “पलीकडच्या खोऱ्यात एका पडक्या चर्चच्या आवारात सापडला मला. क्रॉस बघा कसा नेमका उमटलाय. चर्चमध्येच उगवायचा हा.”

मॅव्हिस वाडगा घेऊन घोळक्याच्या मागे उभी राहिली. आरसा हलला, थांबला. हिरवी गाठ. दोन शेपट्या. उजवी लांब. आरशात उजवी, म्हणजे फुलात डावी.

तिने चमचा वाडग्यात टेकवला आणि मागूनच विचारलं.

“कोणत्या चर्चच्या?”

माना वळल्या. डेस्मंडने काठी जमिनीवर टेकवली.

“मिसेस ऑल्ड्रिज. तुम्ही माझ्या बागेत? मी ऐकलं होतं शपथ घेतलीत म्हणून.”

“मोडली. कोणत्या चर्चच्या आवारात ते विचारतेय. परत जाताना बघून जाईन.”

“आता तिथे काही उरलं नाही.”

“चर्च उरलं नाही की फुलं?”

कोणीतरी फिसकन हसलं. डेस्मंडच्या कानाची पाळी लाल झाली, पण आवाज बँकेतलाच राहिला. “हे बघा बाई, अशी खूण काही एकाच जागी उमटत नाही. निसर्गात एकसारखी दोन फुलं...”

“निसर्गाने माझ्या वाफ्यात सफरचंदाची नळी नव्हती खुपसली.”

“मॅव्हिस, सूप निवतंय,” बेरिल काकुळतीने म्हणाली आणि तिची बाही ओढू लागली.

“खरंच की.” मॅव्हिस उरलेलं सूप उभ्यानेच घटाघटा प्यायली आणि तिने वाडगा बेरिलच्या हातात दिला. “धर. सूप छान होतं, मिस्टर पिकरिंग. मीठ कमी.”

चमचा मात्र तिने दिला नाही. तो घेऊन ती गड्ड्यासमोर बसली, आधी एक गुडघा, मग दुसरा, आणि मुळांपासून चार बोटं लांब तो जमिनीत खुपसला.

“मॅव्हिस! अगं ही चोरी आहे!”

“सगळ्यांच्या देखत? चोरी कशी करायची ते यांना विचार. मला नाही जमत.”

जमीन वरून गोठलेली, खाली मऊ होती. चमचा वाकला, तिने तो गुडघ्यावर दाबून सरळ केला आणि परत खुपसला. डेस्मंडने एकदा त्या चमच्याकडे पाहिलं. मग लोकांकडे वळून म्हणाला, “मंडळी, आत केक कापलाय. गेलात तर मिळेल.”

लोक नाइलाजाने निघाले, मागे वळून बघत. बेरिल तेवढी वाडगा छातीशी धरून उभी राहिली. तिला केकपेक्षा भीती मोठी होती.

डेस्मंड काठीच्या आधाराने भिंतीच्या कडेवर बसला. बसताना त्याचा श्वास वाजला.

“चमचा मोडाल.”

“तुमचाच आहे.”

मॅव्हिसने चमचा आणखी खोल घातला.

“तुमच्याकडचा गेला ना?” तो हळू म्हणाला. “सगळ्यांचाच गेला, असं कानावर आलं. मी तेव्हा नेला नसता, तर हा आज कुठेच नसता. त्याचा विचार केलात?”

मॅव्हिसने तोच विचार केला होता. बस डोंगर चढत असताना तो तिला आसनातल्या सुईसारखा टोचत होता.

“केला. आभार मानणार नाही.”

“मागितले कुठे?”

“फूल तरी मागायचं होतं.”

“मागायलाच आलो होतो त्या जेवणाला. भर टेबलावर ओलांडून गेलात मला. एवढा अपमान बँकेत कोणी केला नव्हता, आणि तिथे तर लोक कर्ज नाकारलं म्हणून थुंकायचे.”

“तुम्ही तिला भांडी घासणारी म्हणालात.”

“फुलाला म्हणालो!” त्याने टोपी काढली. टोपीखाली केस उरले नव्हते. “ती कोण, हे मला कोणी सांगितलं होतं? कोण होती?”

मॅव्हिस खणायची थांबली.

“नेटा. माझ्या शेजारच्या मशीनवर असायची. तुमच्याच डोंगरातली. इथे चादरी वाळत घातल्या की फळीसारख्या होतात म्हणायची. मला वाटायचं थापा मारते.”

“होतात,” डेस्मंड म्हणाला. “अजूनही होतात.”

गड्डा सैल झाला. तिने तो दोन्ही हातांनी वर काढला आणि माती झटकली. कांदे घट्ट, पांढरे, निरोगी. पानावर एक डाग नाही. या थंडीत बुरशीची डाळ शिजली नव्हती. नेटाला इथे मानवलं होतं. मॅव्हिसला ते बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला. तिने अंगठे गड्ड्याच्या मधोमध घातले आणि त्याचे दोन भाग केले. एक भाग मांडीवर ठेवला. दुसरा होता त्याच खड्ड्यात परत बसवला आणि मुठीने माती दाबली.

“अर्धाच?” डेस्मंडने विचारलं.

“सगळा नेला, आणि पुन्हा ओला हिवाळा आला, तर परत तुमच्या दारात यावं लागेल. मला हौस नाही.”

मग तिने त्याची पाटी उपटली. जस्ताची, कोरीव अक्षरांची. ती उलटी केली, कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: नेटाचा एप्रन. फुंकर घालून शाई वाळवली आणि पाटी खोल रोवली.

“मी ती उद्या काढून टाकू शकतो.”

“काढा. दर वर्षी बघायला येणार आहे. बेरिल, पुढच्या मार्चची बस ठरवून टाक.”

“अगं पण आपल्याला आता कोण बोलावतंय...” बेरिलचा आवाज वाडग्यात विरला.

“पुढच्या मार्चला मी असेन का, ते डॉक्टर सांगत नाहीत,” डेस्मंड म्हणाला. त्याने ते हवामानाबद्दल बोलावं तसं सांगितलं.

मॅव्हिसने त्याच्याकडे पाहिलं. मान बारीक झाली होती, कॉलरमध्ये हिंडत होती. मन थोडं ढिलं पडू लागलं तसं तिने ते आवळून घेतलं.

“नसलात तरी येईन. तुम्हाला बघायला थोडीच येणार आहे?”

तो हसला. हसता हसता खोकला. मग कोटाच्या खिशातून सकाळचं वर्तमानपत्र काढून त्याने पुढे केलं. कांदे न्यायचे ते ओल्या वर्तमानपत्रात, हीही त्या लोकांची रीत. ज्याच्या बागेतून न्यायचे त्याने कागद द्यायचा. मॅव्हिसने क्षणभर हात पुढे केला नाही. मग कागद घेतला, भिंतीशी साचलेल्या बर्फावर दाबून ओला केला आणि त्यात आपला अर्धा भाग गुंडाळला.

उठताना गुडघ्यांनी दगा दिला. डेस्मंडने काठी पुढे केली, आरशाचं टोक स्वतःकडे धरून. मॅव्हिस मात्र बेरिलच्या खांद्याला धरून उठली.

“चमचा,” तो म्हणाला.

मॅव्हिसने चमचा कोटाला स्वच्छ पुसला आणि त्याच्या हातात ठेवला.

“मोजून घ्या हवं तर. आम्ही काही नेत नाही कोणाचं.”

*

घरच्या वाफ्यात तिने कांदे लावले नाहीत. त्या मातीत बुरशी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं घेऊन ती इस्पितळाच्या मागे गेली.

धुलाईघराच्या जागी आता मोटारी लागतात. मागची भिंत तेवढी ठेवली आहे, पलीकडच्या उतारावरची माती त्या भिंतीनेच अडून राहते म्हणून. पाइप निघायचा ते भोक नव्या विटांनी बुजवलेलं होतं. जुन्या विटांमध्ये तेवढा चौकोन वेगळ्या रंगाचा दिसत होता. मॅव्हिसने त्यावर हात ठेवला. भिंत थंड होती. तिच्या पायाशी काँक्रीट आणि भिंत यांच्यामध्ये हातभर रुंद मातीची पट्टी होती, तण आणि सिगारेटची थोटकं असलेली. तिने थोटकं वेचून खिशात टाकली आणि खणायला बसली.

पिवळं जाकीट घातलेला, मोटारींची राखण करणारा माणूस लांबून चालत आला.

“आजी, इथे काही लावता येत नाही.”

“लावलं,” मॅव्हिस म्हणाली आणि माती दाबली.

त्याच्याकडे नियम असावा, पण तो नेमका काय होता ते त्याला आठवेना. एका मोटारीने हॉर्न दिला आणि तो गेला.

त्या रात्री आभाळ निवळलं. दोन हिवाळ्यांनंतर सँडरबीत पहिल्यांदा कडाक्याची थंडी पडून दंव गोठलं. सकाळी मॅव्हिस भिंतीशी आली तेव्हा मातीची ती पट्टी भिंतीला अगदी चिकटून पांढरी झाली होती. पाइप असताना तिथे कधी गोठलेलं दंव टिकलं नव्हतं. फुलं जमिनीवर सपाट झोपली होती, हिरव्या नाड्या मातीत.

पिवळ्या जाकिटाचा माणूस येऊन शेजारी उभा राहिला आणि टोपी मागे सारून म्हणाला, “गेली की हो आजी.”

भिंतीच्या माथ्यावर उन्हाची कड आली होती. मॅव्हिस कोट आवळून काँक्रीटच्या कठड्यावर बसली आणि ऊन खाली उतरायची वाट बघू लागली.